पाण्याखालच्या व्हिडिओसाठी घरगुती ट्रे आणि लाईटचे हात: पीव्हीसी चालेल का?

निळाई_०७

नमस्कार मंडळी. माझ्याकडे हाऊसिंगसकट (पाणी न शिरणाऱ्या पेटीसकट) ॲक्शन कॅमेरा आणि डायव्हिंगच्या दोन टॉर्च आहेत. दहा मीटरच्या खाली सगळं निळं-हिरवं येतं म्हणून टॉर्च कॅमेऱ्याच्या दोन्ही अंगांना अगदी खेटून बांधल्या. रंग जरा आले, पण मधोमध पांढरा गोळा आणि बाकी फ्रेमभर पांढरे ठिपके. शिवाय चित्र सारखं डुगडुगतं. तयार ट्रे (कॅमेरा बसवायची पाटी) आणि आर्म (लाईट धरणारे वळते हात) घेण्यापेक्षा स्वतःच करावं असं डोक्यात आहे. पीव्हीसी पाईपचा सांगाडा टिकेल का, की ॲल्युमिनियमची पट्टी घेऊ? आणि लाईटही घरीच बनवता येतात का? ड्रिल, करवत आणि कानस एवढीच हत्यारं आहेत.

लेथवाला

पाईप की पट्टी ते नंतर बघू. लाईट लेन्सपासून किती लांब न्यायचे ते आधी ठरवा, सांगाडा त्यावरून ठरतो.

तुमचे पांढरे ठिपके म्हणजे बॅकस्कॅटर. पाण्यात गाळ, प्लवक, कायकाय तरंगत असतं. लेन्स आणि मासा यांच्या मधल्या पाण्यावर उजेड पडला की ते सगळं चमकतं. धुक्यात गाडीचा अप्पर लावल्यावर जे होतं तेच. जास्त ल्युमेनची टॉर्च आणलीत तर ठिपकेही जास्त चमकतील.

म्हणून लाईट बाजूला न्यायचे आणि त्यांची तोंडं किंचित बाहेर वळवायची. दोन्ही झोतांच्या आतल्या कडा माशावर येऊन मिळायला हव्यात, त्याच्या अलीकडे नाही. लाईट पोर्टच्या (हाऊसिंगच्या पुढच्या काचेच्या) थोडे मागेच ठेवा, म्हणजे काचेवर थेट उजेड येणार नाही. अर्ध्या मीटरवरचं काही घेत असाल तर लाईटही लेन्सपासून साधारण तेवढेच लांब. वीतभर अंतरावरची समुद्री गोगलगाय घ्यायची तर हात आत दुमडायचे. अखंड चिकटवलेला पाईपचा सांगाडा इथेच मार खातो, तो दुमडत नाही.

रंगाचं म्हणाल तर पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं. वरून येणाऱ्या उन्हातला लाल पहिल्या पाच-दहा मीटरांतच जवळजवळ संपतो. टॉर्चच्या उजेडाचंही तेच, फक्त अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं: टॉर्चपासून माशापर्यंत आणि माशापासून लेन्सपर्यंत. मासा दीड मीटरवर असेल तर उजेडाला तीन मीटर पाणी कापावं लागलं. मी मीटरभराच्या पलीकडचं काही लाईटच्या भरवशावर घेतच नाही. लाल फिल्टर असेल तर लाईट लावण्याआधी तो काढा, नाहीतर जवळचं सगळं लालभडक होईल.

आता साहित्य. माझा ट्रे एचडीपीईचा आहे, भाजी चिरायच्या जाड पांढऱ्या बोर्डातून कापलेला. करवतीने सरळ कापला जातो, कानशीने कडा मारता येतात, गंजायचा प्रश्न नाही आणि पाण्यापेक्षा जरासा हलका आहे. गोंद मात्र त्यावर धरत नाही, सगळं बोल्टने आवळायचं. ट्रे रुंद ठेवा आणि दोन्ही टोकांना मुठी द्या. डुगडुगणं निम्मं तिथेच जातं, कारण वजन मधे गोळा न होता दोन्ही बाजूंना पसरतं.

मुठींना पीव्हीसी उत्तम. पण प्रत्येक तुकड्याला दोन भोकं पाडा, एक खालच्या टोकाला, एक वरच्या. पाणी आत यायला एक आणि हवा बाहेर जायला दुसरं. टोकं बंद करून हवा कोंडलीत तर तो पाईप वर ओढत राहतो, आणि खोलात सांधा जरा जरी ढिला पडला की पाणी झिरपून तोल बदलतो. तरंगण्यासाठी मऊ फोम बांधणारेही असेच फसतात. दर दहा मीटरला दाब एका बारने (साधारण एका वातावरणाएवढा) वाढतो, फोम चेपतो, आणि पाच मीटरवर हलकी वाटणारी रिग (कॅमेरा, ट्रे, लाईट सगळं मिळून) पंचविसावर जड होते.

हातांसाठी एक इंची बॉल आणि क्लॅम्प (गोळा आणि त्याला पकडणारा चिमटा, म्हणजे सांधा हवा तसा वळतो) विकत घ्या. माझ्याकडे लेथ आहे तरी मी बॉल विकतच घेतो. गोळा कणभर जरी लंबुळका असला तर क्लॅम्प एका बाजूला घट्ट आणि वळवला की सैल. मधली दांडी मात्र घरी करतो. खर्च अजून कमी करायचा तर मशीनवर कूलंट सोडायला जो कड्याकड्यांचा वळणारा प्लॅस्टिकचा पाईप असतो तो घ्या, पाऊण इंची. पाण्याबाहेर तो टॉर्चच्या वजनाने मान टाकतो, पाण्यात गेल्यावर बरा राहतो.

बोल्ट स्टेनलेस ३१६ चे. ३०४ ला समुद्राच्या पाण्यात टिकल्या पडतात. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस बोल्ट घालणार असाल तर मधे नायलॉनचा वायसर आणि आट्यांना ग्रीस हवंच. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आट्यांत पांढरी पूड दिसली की समजायचं. मग तो बोल्ट फिरत नाही, तुटतो.

लाईट घरी बनवू नका. ज्यात पाणी शिरलेलं चालतं ते सगळं मी घरी करतो, बाकी विकत. तीस मीटरवर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा तीन बार जास्त असतो. पाच सेंटीमीटर व्यासाच्या काचेवर तो साठ किलोच्या आसपास भरतो, आणि आत लिथियमचे सेल.

ओहमचा_नियम

लेथवालांशी निम्मा सहमत. घरगुती लाईट काही आजचं खूळ नाही. पाण्याखालच्या फोटोग्राफीचा आद्य फ्रेंच प्रयोगकर्ता लुई बुताँ १८९० च्या दशकात ऑक्सिजन भरलेल्या पिंपावर काचेच्या हंडीत स्पिरिटचा दिवा ठेवून, रबरी फुग्याने त्यावर मॅग्नेशियमची भुकटी फुंकून पाण्याखाली फोटो काढत होता. त्यापुढे आपले सेल म्हणजे काहीच नाहीत. मी स्वतःचे लाईट वापरतो: ॲल्युमिनियमचं भरीव दंडगोल कोरून, झाकणाला दोन ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या). पण ते लेथवर झालेलं काम आहे. ड्रिल आणि कानशीवर ते होणार नाही, तेव्हा निळाई, तुमच्यापुरता लेथवालांचाच सल्ला बरोबर.

तुमचा पांढरा गोळा मात्र वेगळं प्रकरण आहे. डायव्हिंगच्या साध्या टॉर्चचा झोत अरुंद असतो, पुष्कळदा दहा अंशांच्या आसपास. वाट शोधायला आणि सोबत्याला खूण करायला तो छान. व्हिडिओला शंभर अंशांच्या पुढचा झोत लागतो. तोवर डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) लावून काम भागवा, पण पॉलिश पेपरने घासून धूसर केलेलं ॲक्रिलिक नको. टेबलावर ते झकास उजेड पसरवतं आणि पाण्यात गेलं की जवळजवळ पारदर्शक होतं, कारण खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत पाणी भरतं आणि पाण्याचा अपवर्तनांक ॲक्रिलिकच्या बराच जवळ असतो, १.३३ आणि १.४९. आतूनच दुधी असलेलं प्लॅस्टिक घ्या, ते ओलं झालं तरी दुधीच राहतं. उजेड बराच कमी होईल, तो आणखी जवळ जाऊन भरून काढायचा.

अजून एक. टॉर्च मंद मोडवर लावून कोरड्यातच भिंतीचा व्हिडिओ घ्या. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर ती टॉर्च उजेड कमी करायला एलईडी भराभर चालू-बंद करते. डोळ्याला कळत नाही, सेन्सरला कळतं. पूर्ण मोडवर हे बहुतेक वेळा नसतं.

खोल_श्वास

मुठी, बॉल, झोत सगळं झालं. रिग हातात असताना इन्फ्लेटर (बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जाकिटात, हवा भरायचं बटण) कोण दाबणार?

एका हाताने धरता येईल अशीच बनवा. बीसीडीच्या डी-रिंगला (कडीला) लॅनयार्ड (दोरी) आणि बोल्ट स्नॅप (खिट्टीचा हूक), म्हणजे हात सोडावा लागला तर रिग हरवत नाही आणि लागलीच तर एका झटक्यात सुटते. मनगटाला कायमची बांधू नका. सोडल्यावर हळूहळू खाली जाईल इतपत जड ठेवा. आणि पहिल्यांदा नेताना कॅमेरा न लावता तलावात न्या, नुसती फ्रेम. सुरुवातीला सगळं लक्ष तिच्यातच जातं, हवा किती उरली ते बघायचं राहून जातं. प्रवाळाजवळ तर दोन्ही बाजूंना पसरलेले हात किती लांब आहेत याचा अंदाज येईपर्यंत जाऊच नये.

निळाई_०७

धन्यवाद सगळ्यांना. बोर्ड कापला, मुठी बसवल्या, भोकं पाडली. आता हाऊसिंग ट्रेवर बसत नाहीये. खाली ट्रायपॉडचं भोक आहे, त्यात एम-६ बोल्ट दीड फेरा जातो आणि अडकतो. जोर लावू का? आणि लाईट विकतचेच घेतले तरी त्यांची काय काळजी घ्यायची?

लेथवाला

जोर अजिबात लावू नका, आटे जातील. ट्रायपॉडचं भोक पाव इंची असतं, इंचाला वीस आटे. एम-६ जाडीला जवळचा वाटतो, पण त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर एक मिलिमीटर आणि याचं १.२७. पाव इंच वीसचाच बोल्ट घ्या. ट्रेची जाडी आणि वायसर धरून लांबी मोजा. बोल्ट भोकाच्या तळाला टेकता कामा नये, नाहीतर आवळल्यासारखा वाटतो आणि हाऊसिंग फिरतच राहतं. ते फिरू नये म्हणून ट्रे आणि हाऊसिंगच्या मधे पातळ रबराची चकती घाला.

लाईटचं म्हणाल तर पाण्याबाहेर मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका, ते थंड व्हायला पाणीच लागतं. ओ-रिंग काढून खाचेत केस किंवा वाळूचा कण नाही ना ते बोट फिरवून बघा. ग्रीस नुसतं चकाकी येण्यापुरतं, आणि ओ-रिंग सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस नको, ती फुगते. बाहेर आल्यावर झाकण बंद ठेवूनच गोड्या पाण्यात भिजवा, पुसा, मग उघडा. आत पाणी गेल्याचा जरा जरी संशय असेल तर झाकण तोंडापासून लांब धरून, कुणाच्या दिशेने न रोखता, एकेक आटा सोडत उघडा. खारं पाणी आणि सेल एकत्र आले की आत वायू साठतो आणि झाकण सुटून उडू शकतं.

ओहमचा_नियम

+१. आणि भिजलेले सेल वाळवून परत चार्ज करायचे नाहीत, ते गेले असं धरायचं.