आईची दाढ दुखायची थांबली, तरी रूट कॅनल करावं का? मदत हवी आहे

आई ६२ वर्षांची आहे. खाली उजवीकडची पहिली मोठी दाढ, जुन्या फिलिंगच्या कडेने किडली. आधी थंड पाण्याने कळ यायची आणि पाणी गिळून मिनिट झालं तरी जायची नाही. मग गरमही सोसेना. दोन रात्री भिंतीला उशी लावून बसून काढल्या, कारण आडवं झालं की ठणका वाढायचा. पाचव्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. आता त्याच दाढेखाली हिरडीवर बारीक पुळी आली आहे. फुटते, तोंडाला खारट चव येते, दोन दिवसांनी पुन्हा भरते.

एक डॉक्टर रूट कॅनल आणि कॅप म्हणाले, दुसरे म्हणाले काढून टाका. आईचं म्हणणं, दुखत नाही तर हात कशाला लावायचा? आणि नस काढलेला दात मेलेलाच, तो कधीतरी तुटणार. मला तिची दाढ वाचवायची आहे, पण उगाच त्रासही द्यायचा नाही. ठरवायचं कशावरून? अँटिबायोटिकने भागेल का?

प्रतिसाद

ताई, मी दंतवैद्य आहे, रोज हेच काम करते. न तपासता निदान सांगणार नाही, पण दुखणं थांबलं म्हणून थांबू नका. दाताच्या आतली नस चारही बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेली असते. तिला सूज आली की पसरायला जागा नसते, म्हणून तो ठणका. नस मेली की ठणका थांबतो, जंतू मात्र आतच राहतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. तिथला पू पुळीवाटे निघून जातोय, म्हणून आईंना कळत नाहीये. मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, त्यामुळे गोळ्यांचं औषधही तिथे पोचत नाही. नुसत्या अँटिबायोटिकने ही दाढ बरी होणार नाही.

'मेलेला दात' हा शब्द मला फार खटकतो. नस गेली तरी मुळाभोवतीचे जिवंत धागे दाताला हाडात धरून ठेवतात, चावल्याची जाणीव त्यांच्यामुळेच राहते. दाढ तुटते ती कीड आणि फिलिंगमध्ये तिच्या भिंती गेलेल्या असतात म्हणून. त्यासाठीच कॅप.

वाचेल की नाही, हे किती दुखलं यावर ठरत नाही. हिरडीच्या वर सगळीकडून साधारण २ मिलिमीटर निरोगी दात उरला आहे का, हे बघतात. कॅपला पकड तिथेच मिळते. मूळ उभं चिरलं असेल तर मीही काढायलाच सांगते, तिथे हट्ट करू नये. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं कारण विचारा: चीर दिसली, की कीड हिरडीखाली गेली? नुसतं 'कटकट मिटेल' हे कारण पुरेसं नाही. दाढ काढून जागा रिकामी ठेवली तर मागची दाढ कलते, वरची खाली उतरते.

करायचं ठरलं तर रबर डॅम लावणार का, विचारा. त्या पातळ रबरी पडद्यामुळे थुंकी आत जात नाही. या दाढेला बहुधा दोन मुळं आणि त्यांच्या आत नसेच्या तीन नळ्या असतात, कधी चौथीही निघते. ती राहून गेली तर त्रास परततो. नळ्या धुऊन गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरतात. नंतर चार दिवस चावताना दुखेल, ते चालतं. कॅप मात्र लांबवू नका.

जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणि एक. हाडांच्या ठिसूळपणासाठी आई काही औषध घेतात का?

मूळ धागाकर्ती

हो! आठवड्याला एक गोळी, चार वर्षं झाली. दोन्हीकडे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

प्रतिसाद

मग आधी हे दोघांनाही सांगा. यातल्या काही औषधांवर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. अशा वेळी दाढ वाचण्यासारखी असेल तर आम्ही रूट कॅनलकडेच झुकतो. गोळी मनाने बंद करू नका.

मूळ धागाकर्ती

गोळीच्या पाकिटाचा फोटो काढून दोघांनाही पाठवला. चिरेचंही विचारलं आहे. उत्तर आलं की इथेच लिहिते.