‘आणि मग’ की ‘म्हणून’?

कादंबरीचं कथानक शिकवताना आरंभ-मध्य-शेवट असा तक्ता भरायला दिला की मुलांसाठी तिच्यातला जीवच जातो, असं काही जण म्हणतात. मला ते अगदी पटतं.

सांगलीत माझ्याकडे शनिवारी सातवी-आठवीची सहा मुलं वाचायला येतात. आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घेतली. लेखक आपल्याच आटपाडीकडचे. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घटना लिहिल्या आणि दोन घटनांमध्ये एकच शब्द भरायचा ठरवलं: नुसतं एकामागून एक घडलं तर ‘आणि मग’, आधीच्यामुळे घडलं तर ‘म्हणून’. मास्तर आला, शाळा भरू लागली, तालीम उभी राहिली, इथवर ‘म्हणून’ भराभर पडले. दुष्काळापाशी पेन्सिल थांबली. एक मुलगी म्हणाली, “हे तर कुणी केलंच नाही की वो! मग ‘म्हणून’ कसं लिहायचं?”

अर्धा तास त्यावरच वाद! माणसांनी जमवत आणलेलं सगळं पाऊस न पडल्यानं उठून जातं, ही त्या कादंबरीची बांधणी तिला तिथं सापडली. तक्त्यात ती मावलीच नसती.

रहस्यकथेत दुवे घट्ट असतात, तिथं हे सोपं जातं. तरी मी संथ कादंबरीच घेईन. आणि एक विनंती, पहिलं वाचन न अडवता होऊ द्या. प्रश्न दुसऱ्या वाचनाला.