जवसाच्या तेलाची फडकी कुठे टाकायची?

नवशिकी:
आजोबांचा सागवानी देव्हारा घासून झालाय, आता उकळलेलं जवसाचं तेल लावणार आहे. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. खरंच? आमचा तिसरा मजला, बाल्कनी एकच, तीही पावसात भिजणारी.

पटाशी:
खरंच पेटतात ताई, काडी न लावता. हे तेल थिनरसारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि सुकताना तापतं. लाकडावरच्या पातळ थरातली उष्णता निघून जाते, बोळा केलेल्या फडक्यात ती कोंडते. फडकं तापलं की तेल आणखी भराभर सुकतं, म्हणजे आणखी तापतं. उकळलेल्या म्हणून मिळणाऱ्या तेलात बहुधा ड्रायर, म्हणजे तेल लवकर सुकवणारी रसायनं, घातलेले असतात, त्यामुळे काही तासांतही धूर निघू शकतो.

१९९१ साली फिलाडेल्फियातली ३८ मजली वन मेरिडियन प्लाझा अशीच पेटली. २२व्या मजल्यावर लाकडी पॅनेलचं काम चालू होतं, तेलाची फडकी तिथेच राहिली. अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. आग थांबली ती ३०व्या मजल्यावरच्या, छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरमुळे.

आमच्याकडे हातातलं फडकं खाली ठेवायचं नाही. एक तर दोरीवर, नाहीतर पाण्यात. दोरीवर एकेक, उलगडून, उघड्या हवेत. पापडासारखं कडक झालं की कचऱ्यात. तुमच्याकडे पाऊस, तेव्हा रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, फडकी पाण्यात पूर्ण बुडवा, झाकण लावा. उघडीप मिळाली की काढून वाळवा. तेल लागलेला भुसा आणि स्टील वूलही त्याच डब्यात. पिशवीला गाठ मारून जिन्यात ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. अहो, कचरेवाला सकाळी येतो, मध्ये अख्खी रात्र असते!

नवशिकी:
आणि धुऊन परत वापरली तर?

पटाशी:
नको. साबणाने सगळं तेल निघत नाही, आणि असं कापड मशीनच्या ड्रायरमध्ये गेलं तर तिथेही पेटू शकतं. जुना सुती बनियन फाडून वीतभर तुकडे करा, फडकी मुळात कमी लागतील.

मिडविकेट:
काका, मुलाच्या बॅटला कच्चं जवसाचं तेल लावतो. फडकं किट बॅगेतच असतं.

पटाशी:
कच्चं सावकाश सुकतं, पण सुकतंच. मे महिन्यात ती बॅग गाडीच्या डिकीत असते ना? आजच काढा. खोबरेल सुकत नाही, त्याची ही भीती नाही. लाखेच्या पॉलिशचं फडकं स्वतःहून तापत नाही, मात्र त्यातलं स्पिरिट उडेपर्यंत त्याच्या आसपास बिडी नको.