'ख्रिसमस कॅरोल'च्या मूळ चित्रांत टायनी टिम का नाही?

शाईदौत (प्रश्न)

नमस्कार. चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' मी आजवर चित्रांविना वाचली होती. अलीकडे १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीची प्रतिकृती वाचनालयात मिळाली आणि जॉन लीच याची आठही चित्रे आपापल्या जागी पाहता आली. त्यांपैकी चार धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली व नंतर हाताने रंगवलेली आहेत, तर चार लाकडात कोरलेली, काळीपांढरी आहेत. ज्या आजारी मुलाची आठवण या कथेच्या नावाबरोबर हमखास येते, तो टायनी टिम यांतल्या एकाही चित्रात नाही. त्याच्या, म्हणजे क्रॅचिट, कुटुंबाचे नाताळचे जेवणही नाही. कंजूष कथानायक स्क्रूजचा जुना मालक फेझिविग याच्याकडचा नाच आणि भुते मात्र आहेत. या चित्रांनी कथेतील सामाजिक टीका अधिक धारदार केली, की सणाच्या भेटपुस्तकाला शोभेल अशी सौम्य केली? जाणकारांचे मत वाचायला आवडेल.

लाकूडठसा

माझ्या मते धारदारच केली. मात्र ती धार रंगीत चित्रांत न शोधता काळ्यापांढऱ्या चित्रांत शोधावी. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस नाताळचा आत्मा आपल्या झग्याखालून 'अज्ञान' आणि 'अभाव' ही दोन खंगलेली मुले बाहेर काढतो, ते चित्र पुन्हा पाहावे. मजकुरात त्या ठिकाणी कारखान्यांचा उल्लेख नाही, पण लीचने मुलांच्या पाठीमागे धूर सोडणाऱ्या धुराड्यांच्या इमारती उभ्या केल्या आहेत. लेखकाने ती मुले रूपक म्हणून आणली आणि चित्रकाराने त्यांना औद्योगिक शहरात नेऊन ठेवले. बालकामगारांच्या स्थितीविषयीचा चौकशी आयोगाचा अहवाल त्याच वर्षी गाजत होता. तो वाचून डिकन्सने आधी एक पत्रक काढण्याचे ठरवले होते, आणि पुढे त्या पत्रकाऐवजी ही कथा लिहिली. ही पार्श्वभूमी ज्याला ठाऊक होती, त्याला ती धुराडी कशासाठी आहेत हे सांगावे लागले नसेल.

लीच हा 'पंच' साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार होता. जुलै १८४३ मध्ये, म्हणजे या कथेच्या काही महिने आधी, त्याने फाटक्या कपड्यांतली उपाशी माणसे चित्रप्रदर्शनातील ऐश्वर्याकडे पाहत उभी आहेत असे चित्र त्यात काढले होते; संसदेच्या भिंती सजवण्यावर खर्च करू पाहणाऱ्या सरकारवर तो थेट आघात होता. त्याची रेखाटने लाकडात कोरणारा विल्यम जेम्स लिंटन हा चार्टिस्ट चळवळीतला, कामगारांच्या मताधिकारासाठी लिहिणारा माणूस होता. शिवाय लाकडाचा ठसा छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्याच जुळणीत बसवून मजकुराबरोबर छापता येतो. धातूवरचे चित्र वेगळ्या पानावर छापून मग पुस्तकात बांधावे लागते. म्हणूनच ती दोन मुले वाक्यांच्या मध्येच समोर येतात, आणि त्यांना ओलांडून वाचन पुढे नेणे कठीण जाते.

पानापान

वरील विवेचन मोलाचे आहे, तरी माझी एक शंका आहे. पुस्तकाची किंमत पाच शिलिंग होती आणि कथेतल्या बॉब क्रॅचिटला, म्हणजे टिमच्या कारकून बापाला, आठवड्याला पंधरा शिलिंग मिळतात. म्हणजे ज्याच्याविषयी हे पुस्तक आहे, त्याला ते घेण्यासाठी आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. ही चित्रे सुस्थितीतल्या घरांसाठी होती, आणि त्या घरांना गरिबीचे चित्र देखणे लागते. डिकन्सला हे कळत होते, असे मला १८४४ च्या 'द चाइम्स' या पुढच्या पुस्तकावरून वाटते.

त्यात विल फर्न नावाचा शेतमजूर जमीनदाराच्या मेजवानीत उभा राहून बोलतो. आपली झोपडी बायका वहीत चितारतात, चित्रात ती छान दिसते असे म्हणतात, पण चित्रात हवामान नसते, त्यामुळे ती राहण्यापेक्षा चित्राच्याच कामाची असावी, अशा आशयाचे त्याचे बोलणे आहे. आणि याच पुस्तकात क्लार्कसन स्टॅनफील्ड या नामवंत निसर्गचित्रकाराने काढलेले फर्नच्या झोपडीचे चित्र छापलेले आहे! ज्या नजरेवर फर्न संतापतो, तीच नजर पुस्तकाने वाचकाच्या हाती दिली आहे. हे जाणूनबुजून केले की नाही, यावर मी पैज लावणार नाही. परंतु मजकूर आणि चित्र यांतला हा झगडा मला 'कॅरोल'मधल्या धुराड्यांहूनही महत्त्वाचा वाटतो.

शाईदौत

दोघांचेही आभार. फर्नचा तो उतारा वाचला होता, पण तो चित्राशेजारी ठेवून कधी पाहिला नव्हता. मग टिम चित्रांत आला केव्हा?

लाकूडठसा

डिकन्सच्या मृत्यूनंतरच्या आवृत्त्यांनी त्याला खरे प्रस्थापित केले. १८७८ मध्ये फ्रेड बर्नार्डने बापाच्या खांद्यावर बसलेला टिम काढला आणि तीच प्रतिमा घरोघरी रुजली. चित्र सुरेख आहे, परंतु त्यात एक हानी झाली आहे. मजकुरात टिम जगेल का असे स्क्रूज विचारतो, तेव्हा आत्मा स्क्रूजचेच आधीचे शब्द त्याला परत ऐकवतो: मरायचेच असेल तर मरू दे, फाजील लोकसंख्या तेवढीच कमी होईल. तो टोला लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते या माल्थसच्या सिद्धान्ताला आणि गरिबांची मदत कठोर करणाऱ्या १८३४ च्या गरीब कायद्यामागच्या विचाराला आहे. खांद्यावरच्या हसऱ्या मुलाच्या चित्रात तो वाद कुठेच उरत नाही. पाहणाऱ्याला माया वाटते आणि कायदा आठवत नाही.

पानापान

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त पुढच्या पिढीतल्या सगळ्याच चित्रकारांनी कड सोडली असे समजू नये. डिसेंबर १८६९ मध्ये 'द ग्राफिक' साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात ल्यूक फिल्ड्सने रात्रीच्या निवाऱ्यासाठी थंडीत रांगेत उभ्या असलेल्या बेघरांचे चित्र दिले. चित्रकार मिले याने ते डिकन्सला दाखवले, आणि त्यावरूनच फिल्ड्सला डिकन्सच्या शेवटच्या, अपूर्ण राहिलेल्या कादंबरीची चित्रे काढण्याचे काम मिळाले. त्याच रांगेवरून केलेले मोठे तैलचित्र त्याने १८७४ मध्ये रॉयल अकादमीत मांडले, तेव्हा सोबत डिकन्सच्या एका पत्रातले वर्णन छापले होते; लंडनमधल्या व्हाइटचॅपलच्या वर्कहाउसबाहेर (निराधार गरिबांना ठेवण्याच्या गृहाबाहेर) पावसात पडून असलेल्या माणसांचे ते वर्णन आहे.