फीड सॅकच्या कापडाला कात्री लावायची की नाही?

सुईदोरा:
परवा एका शिवणाच्या ग्रुपवरची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. म्हणे १९३०-४० च्या काळातल्या अमेरिकन फीड सॅकचं, म्हणजे जनावरांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचं, छापील कापड हा वारसा आहे आणि ते कापून एप्रन, क्विल्ट शिवणाऱ्या बायका अडाणी. अहो, शिवायलाच तर छापलं होतं ते! १९२४ च्या सुमारास मिसुरीतल्या एसा बेल्सने कपडे शिवता येतील अशा पोत्याचं पेटंट काढलं, सेंट लुइसच्या प्लँट मिलिंगने 'गिंगहॅम गर्ल' पीठ तसल्या चौकडीच्या कापडात विकलं, आणि मग सगळ्या गिरण्यांना कळलं की कोंबड्यांचं खाद्य कुणाचं घ्यायचं ते घरातली बाई पोत्यावरची फुलं बघून ठरवते. शंभर पौंडी पोत्यात यार्डभराहून थोडं जास्त कापड निघायचं, बाईच्या ड्रेसला साधारण तीन पोती, तीही एकाच छापाची, म्हणून शेजारणीशी अदलाबदल. पोत्याच्या शिवणीचा साखळीटाका एका ओढीत उसवायचा, तो दोरासुद्धा गुंडाळून ठेवायच्या त्या. त्यांनी वाया काही घालवलं नाही आणि आपण ते कपाटात कुजवायचं?

पेटीवाली:
भाषा चुकली तिची, मुद्दा नाही. लेबलासकट अख्खं पोतं असेल तर गिरणी कुठली, गाव कुठलं, आत काय होतं, सगळं कळतं. तुम्ही त्याचे सहा इंची चौकोन केलेत की उरलं फुलाफुलांचं कापड. १९६० च्या दशकात कागदी पोत्यांनी कापडी पोती जवळपास संपवली, आता नवीन येणार नाहीत. कॅन्सासच्या डोरोथी ओव्हरॉलने १९५९ मध्ये स्पर्धेसाठी शिवलेला पोत्याचा ड्रेस अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने जपलाय म्हणून आज बघता तरी येतो. तसेच छाप नवीन कापडावर मिळतात, ते कापा ना हवे तेवढे.

सुईदोरा:
म्हणजे ती शिवलेली वस्तूच जपली ना त्यांनी? माझंच म्हणणं सांगताय.

ओहायोकर:
आधी ते खरं फीड सॅक आहे का ते तरी बघा!! मला एका विक्रेत्याने 'ओरिजिनल' म्हणून चक्क नवीन कापड पाठवलं, पैसे परत मागितले तर उत्तर नाही. कडेला उसवलेल्या शिवणीची जाड भोकं ओळीत दिसली पाहिजेत. तेच छाप दुकानातल्या ताग्याच्या कापडावरही विकले जायचे, त्यामुळे नुसत्या डिझाइनवरून काही सिद्ध होत नाही.

पऱ्हाटीवाला:
फुलं, एप्रन, वारसा, बरं चाललंय तुमचं. मंदीत अंगावर घालायला दुसरं नव्हतं म्हणून पोती नेसली लोकांनी. छपाईची शाई जावी म्हणून चरबी नाहीतर रॉकेल लावून रात्रभर ठेवायचं, तरी गिरणीचं नाव पुसट दिसायचंच आणि पोरांना शाळेत लाज वाटायची. आणि त्या शिवणाच्या स्पर्धा कोण भरवायचं? कापूसवाल्यांची कौन्सिल आणि पोती बनवणाऱ्यांची संघटना, माल खपावा म्हणून. तो कापूस वेचणाऱ्या वाटेकरी कुटुंबांचं नाव कुठल्या लेबलावर आहे सांगा? आमच्या यवतमाळातही तेच, कापडाचं कौतुक होतं, कापसाच्या भावाबद्दल कुणी बोलत नाही.

माईंची नात:
लाजेचं बरोबर आहे. आमची आजी बेकरीतून मैद्याची रिकामी पोती आणायची, त्याच्या बंड्या घातल्यात आम्ही, छाप पाठीवर. पण मला राग वेगळ्याचा येतो. तिकडे अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या बायका क्विल्टच्या क्लासला डॉलर भरतात आणि आईने लुगड्यांची शिवलेली गोधडी माळ्यावर टाकतात. कॅन्सासच्या आजीचं कौतुक, स्वतःच्या आजीचं नाही.

ओहायोकर:
हे जरा अति होतंय ताई. माझ्या पलंगावर आईची गोधडीच आहे आणि मी क्विल्ट गिल्डमध्येही, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळातही आहे. तिथल्या म्हाताऱ्या बायकांनी तिचा धावदोरा बघून हात लावून लावून विचारलं, इतका बारीक, इतका सरळ, तोही खडूची रेघ न मारता कसा. तुम्ही कुणाच्या घरात डोकावून आलात?

माईंची नात:
तुमचं नाव घेतलं नव्हतं, लागलं का? माझ्या सख्ख्या जावेने सासूबाईंची गोधडी गाडी पुसायला काढली, मी हातातून ओढून घेतली. त्यात त्यांच्या लग्नातलं लुगडं होतं! यावर मी नाही गप्प बसणार.

पऱ्हाटीवाला:
गोधडीतही तेच, थंडीला दुसरं काही नव्हतं म्हणून शिवली.

माईंची नात:
नाही दादा. थंडीसाठी असती तर कोपऱ्यात रंग जुळवून तुकडे कशाला लावले असते तिने? गरिबीतल्या बाईला आवडनिवड नसते असं समजू नका. पोतं निवडणाऱ्या बाईलाही होती, म्हणूनच कंपन्या झुकल्या.

पऱ्हाटीवाला:
हे मान्य. कापूस वेचणाऱ्यांचं मात्र सोडत नाही मी.

पेटीवाली:
गोधडी राहू द्या. फाटकी, लेबल गेलेली, डाग पडलेली पोती कापा, हरकत नाही. लेबल शाबूत असलेलं पोतं कापलंत तर मात्र मी भांडणार. आणि हो, ठेवायचं असेल तर घडी घालू नका, घडीवर धागा तुटतो, नळीवर गुंडाळा.

सुईदोरा:
लेबलवालं मी कधीच कापणार नव्हते, पण सुटे तुकडे माझे, त्यावर पोस्टवालीची परवानगी मागणार नाही. एप्रन कापून ठेवलाय, उद्या शिवते.

माईंची नात:
कापड आधी गार पाण्यात भिजवून बघा, विरलं असेल तर मशीन घालू नका, हातानेच शिवा.