साड्यांच्या ऑनलाइन दुकानाचा मेनू: दोन लेव्हल की तीन?

बर्डीवाला
नागपूरच्या गांधीबाग-इतवारीतली कापडाची दुकानं ऑनलाइन येऊन राहिली आहेत, चांगलं आहे. पण मेनू पाहिला की डोकं फिरतं. ‘महिला’ उघडा, त्यात ‘साड्या’, त्यात ‘सिल्क’, त्यात ‘टसर’, आणि एवढं करून पान उघडलं की चार साड्या!

माझं मत: मेनू दोन लेव्हलच्या पुढे जाऊच देऊ नये. वर सहा-सात नोंदी ठेवा, म्हणजे साड्या, ड्रेस मटेरियल, ब्लाउज पीस, धोतर-उपरणं, नवीन माल, सेल. साड्यांखाली सुती, टसर, करवत काठी, पैठणी, नऊवारी. बस. रंग, किंमत, ब्लाउज पीस आहे की नाही, हातमाग की यंत्रमाग, हे सगळं फिल्टरमध्ये. एकच साडी शेजारच्या दोन खान्यांत बसत असेल, तर तो खाना नाही, गुण आहे. गुणाची जागा फिल्टरमध्ये. आणि ज्या खान्यात दहा नगसुद्धा नाहीत त्याला मेनूत ओळ कशाला?

तानाबाना
या कसोटीवर तुमचीच यादी नापास होते भाऊ. टसर हा रेशमी धागा झाला, करवत काठी हा काठ. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून ते नाव, आणि पारंपरिक करवत काठीचं अंग टसरचंच असतं. म्हणजे तीच साडी दोन्ही खान्यांत. नऊवारी ही तर लांबी. सुतीही नऊवारी असते, पैठणीही असते. पाच ओळींत तीन निकष मिसळलेत, आणि गिऱ्हाईक नेमकं तिथेच अडतं. टसरची करवत काठी नऊवारी हवी असेल तर तिने दाबायचं काय?

म्हणून तिसरी लेव्हल लागतेच. ‘साड्या’ उघडलं की तीन रकाने दिसले पाहिजेत: कापडानुसार, विणीनुसार, लांबीनुसार. प्रत्येकाखाली चार-पाच नावं. मधली लेव्हल फक्त रकान्याचं शीर्षक असते. मेगा मेनूत तिन्ही रकाने एकदम उघडे दिसतात, त्यामुळे एकही क्लिक वाढत नाही.

बर्डीवाला
एकच साडी तीन रकान्यांत येते, म्हणजे तिन्ही गुणच ना? तुम्ही माझाच मुद्दा मांडला. बरं, एकही क्लिक वाढत नाही हे कॉम्प्युटरवर. फोनवर मेगा मेनू असतो कुठे? तिथे त्याचा ड्रॉवर होतो, म्हणजे बाजूने सरकून येणारी यादी. तीन रेघा, मग ‘साड्या’, मग ‘कापडानुसार’, मग ‘टसर’: चार टॅप. गांधीबागेतल्या गादीवर नोकर आधी विचारतो “कोणती दाखवू?” आणि लगेच “किती पर्यंत?” ‘कापडानुसार’ असं कोणी बोलतं का?

शोधपेटी
दोघंही फक्त आत आलेल्या गिऱ्हाइकाचं बोलून राहिले. बाहेरून येणाऱ्याचं काय? गूगलवर माणूस ‘करवत काठी साडी’ लिहितो, तेव्हा त्या नावाचं, स्वतःचा पत्ता, शीर्षक आणि दोन-तीन ओळींचं वर्णन असलेलं पान लागतं. फिल्टर लावून तयार होणारा पत्ता हे काम करत नाही. शॉपिफायमध्ये (ऑनलाइन दुकान उभारायची तयार सेवा) पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर फिल्टर जोडला जातो, पण त्या पानाचा कॅनॉनिकल, म्हणजे ‘खरा पत्ता हा’ असं गूगलला सांगणारी खूण, मूळ कलेक्शनकडेच (साड्यांच्या गटाच्या पानाकडे) बोट दाखवतो. गूगलच्या लेखी ते पान म्हणजे ‘साड्या’च.

म्हणून लोक ज्या नावाने शोधतात त्या प्रत्येक नावाचं वेगळं कलेक्शन हवं. नावं ठरवायला अंदाज नको. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय लिहून शोधलं त्या क्वेरी पाहा आणि दुकानाच्या आतल्या शोधात शून्य निकाल कशाला येतात ते पाहा. ‘मोरपंखी’साठी वेगळं पान नसेल तरी चालेल, ‘करवत काठी’साठी हवंच. ते पान मेनूत कितव्या लेव्हलला आहे याने फारसा फरक पडत नाही. फक्त लिंक खरी हवी, पत्त्यासकट. नुसत्या क्लिकवर स्क्रिप्टने उघडणाऱ्या बटणामागे गूगल जाईलच याचा भरवसा नाही.

कोडकट्टा
वाद चालू द्या. करायला बसलं की कुठे फसतं ते लिहितो.

शॉपिफायमध्ये मेनू तीन लेव्हलपर्यंतच जातो: वरची एक आणि तिच्या आत दोन. मेनूच्या पानावर नोंद धरून दुसरीच्या खाली थोडी उजवीकडे सरकवायची, की ती आत जाते. एक गोष्ट पक्की समजून घ्या: शॉपिफायमध्ये कलेक्शनना आई-बाप नसतात. सगळी एकाच पातळीवर. उतरंड फक्त मेनूत असते, म्हणून ब्रेडक्रंबमध्ये (पानाच्या वर दिसणाऱ्या वाटेच्या ओळीत) ‘साड्या › टसर’ आपोआप येत नाही, थीममध्ये, म्हणजे दुकानाच्या तयार साच्यात, करून घ्यावं लागतं.

शॉपिफायच्या डॉन थीममध्ये हेडरच्या (वरच्या पट्टीच्या) सेटिंगमध्ये मेनूचा प्रकार निवडता येतो: ड्रॉपडाउन, मेगा मेनू की ड्रॉवर. पण ज्या वरच्या नोंदीखाली उपमेनू आहे ती दाबली की नुसता उपमेनू उघडतो, तिचं स्वतःचं पान उघडत नाही. म्हणजे ‘साड्या’चं कलेक्शन मेनूतून गायबच. उपाय: आतली पहिली ओळ ‘सगळ्या साड्या’. आणि तानाबाना यांच्या ‘कापडानुसार’ला बरेच जण लिंक म्हणून नुसता हॅश (#) देतात. मेगा मेनूत त्यावर क्लिक केलं की पान टुणकन वर जातं आणि माणसाला वाटतं साइट बिघडली. त्यालाही साड्यांच्या कलेक्शनची लिंक द्या.

वूकॉमर्सची, म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायच्या प्लगइनची, तऱ्हा उलटी. तिथे कॅटेगरीला उपकॅटेगरी खरोखर असते, पण मेनू त्याच्याशी बांधलेला नसतो. कॅटेगरी हलवली तरी मेनू जुनाच राहतो. क्लासिक थीमच्या मेनू पानावर प्रॉडक्ट कॅटेगरी दिसत नसतील तर वरच्या स्क्रीन ऑप्शन्समध्ये टिक करा, निम्मे लोक इथेच अडकतात. साडीला फक्त आतल्या कॅटेगरीत टिक करा, वरच्या कॅटेगरीच्या पानावर ती आपोआप येते. आणि कॅटेगरीचा स्लग (पत्त्यातलं तिचं नाव) एकदा ठरला की हात लावू नका. पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवतं, कॅटेगरीच्या बाबतीत तसं करत नाही. तिथे सरळ ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. रीडायरेक्ट आपला आपण टाकायचा.

स्लग देवनागरीत ठेवायचा हट्टही सोडा. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा, पत्त्यात ९ चिन्हांचा होतो, आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची. ‘शुद्ध टसर करवत काठी साडी’ १८४ मध्ये बसतं. त्यात ‘नऊवारी’ घातलं की २३९ होतात आणि शेपूट कापलं जातं. मेनूतलं नाव मराठीत, पत्ता रोमनमध्ये. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवतानाही बरं पडतं.

तानाबाना
पत्त्याचं पटलं. पण फिल्टरवाल्यांनी एक सांगावं: फिल्टर भरणार कोण? रंगाच्या रकान्यात एक पोरगा ‘राणी’ लिहितो, दुसरा ‘रानी’, तिसरा ‘राणी कलर’. फिल्टरमध्ये तीन ओळी दिसतात, प्रत्येकीत थोड्या थोड्या साड्या. गिऱ्हाईक पहिली ओळ दाबतं, बाकीच्या साड्या तिला कधी दिसतच नाहीत. मेनू निदान एक माणूस बसून हाताने लावतो.

बर्डीवाला
त्यासाठी रंग टाइप करू द्यायचाच नाही, यादीतून निवडायला लावायचा. शॉपिफायमध्ये ठरावीक पर्यायांचं मेटाफील्ड (मालाच्या माहितीचा जादा रकाना) करा आणि सर्च अँड डिस्कव्हरी अॅपमध्ये तेच फिल्टरला जोडा. वूकॉमर्समध्ये अॅट्रिब्यूट (रंगासारखा गुण) आधी सगळ्या दुकानासाठी एकदा तयार करून मग साडीला लावा. एकेका साडीत हाताने लिहिलेलं अॅट्रिब्यूट फिल्टरमध्ये येतच नाही. राणी, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, अबोली अशी वीसेक नावं पुरतात. पंधरा प्रकारचे हिरवे कोणी शोधत नाही.

लग्नघर
‘लग्नाचा बस्ता’ मेनूत टाकावं का? की तोही फिल्टर?

शोधपेटी
टाका, आणि पहिल्या लेव्हललाच. हंगामाची गोष्ट आत लपवली तर हंगाम संपेपर्यंत कोणाला सापडणार नाही. लग्नसराई सरली की मेनूतून ओळ काढा, पण कलेक्शन पुसू नका. पुढच्या वर्षी तोच पत्ता परत वापरता येतो.

अंगठा
एवढ्या चर्चेत कोणी फोन हातात धरून पाहिलं का? बोटाचा विचार करा. ओळीची उंची अॅपलच्या हिशेबाने निदान ४४ पॉइंट, अँड्रॉइडच्या हिशेबाने ४८ डीपी. डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणूनचे नियम) मधलं किमान २४ पिक्सेल ही पास होण्यापुरती मर्यादा आहे, तेवढ्यावर थांबू नका. नाव आणि उघडायचा बाण एकाच ओळीत असतील तर दोघांची दाबायची जागा वेगळी आणि ठळक हवी, नाहीतर ‘साड्या’ची यादी उघडायला जावं आणि पान बदलावं.

लांब ड्रॉवरची शेवटची ओळ ब्राउझरच्या खालच्या पट्टीमागे जात असेल तर थीमच्या सीएसएसमध्ये (दिसण्याच्या कोडमध्ये) उंची १०० व्हीएच (vh) दिलेली असते, ती १०० डीव्हीएच (dvh) करा. इंग्रजीसाठी बनलेल्या काही थीममध्ये ओळींमधलं अंतर १.२ असतं. त्यात मराठी नावांचे रफार आणि उकार एकमेकांना भिडतात, काही ठिकाणी कापलेही जातात. १.५ ते १.६ ठेवा.

कॉम्प्युटरवर मेगा मेनू ठेवणार असाल तर माऊस तिरका नेऊन पाहा. ‘साड्या’वरून उजवीकडच्या खालच्या नावाकडे जाताना माऊस ‘ड्रेस मटेरियल’वरून गेला की मेनू बदलतो. पाव सेकंदाच्या आसपास विलंब दिला की त्रास जातो. नाहीतर सरळ क्लिकवर उघडू द्या. आणि एस्केप दाबल्यावर मेनू मिटला पाहिजे.

तानाबाना
क्लिकवर उघडणं मान्य. फोनच्या चार टॅपलाही तोड आहे. काही थीममध्ये फोनसाठी वेगळा मेनू निवडता येतो. तिथे ‘कापडानुसार’ ही शीर्षकं काढून नावं थेट ‘साड्या’खाली लावा. कॉम्प्युटरवर तीन लेव्हल, फोनवर दोन.

बर्डीवाला
म्हणजे दोन मेनू सांभाळायचे. नवीन कलेक्शन आलं की एकात टाकायचं राहून जाणार, आणि राहणार ते फोनवालंच, कारण मालक तपासतो लॅपटॉपवर. दुकानात साड्यांचे दोनशे नग असताना काहून एवढा पसारा? हजाराच्या वर गेले की रकान्यांचं बोलू.

तानाबाना
नगांवर कशाला जाता? दोनशे साड्या वीस प्रकारच्या असल्या तर रकाने लागतातच, आणि हजार सगळ्या सुतीच असल्या तर दुसरी लेव्हलसुद्धा नको. साड्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, दुकानात आलेल्या पाच-सहा बायकांना त्यांचे गठ्ठे करायला सांगा. सूत, वीण, लांबी असे वेगळे गठ्ठे पडले तर रकाने लावा, नाही पडले तर तुमची दोन लेव्हल ठेवा.

बर्डीवाला
चिठ्ठ्या चालतील. फक्त गिऱ्हाइकांकडून करून घ्या, गादीवरच्या नोकरांकडून नको. ते माल फळीवर जसा लागलेला असतो तसेच गठ्ठे करतात.