जळगाव-धुळ्याकडे दारू सोडणाऱ्यांचा गट सुचवा (मोठ्या भावासाठी)

तापीकाठ
माझे मोठे भाऊ चोपडा तालुक्यात शेती करतात. वय ४६. आधी फक्त बाजाराच्या दिवशी घ्यायचे, मग रोज संध्याकाळी. आता सकाळी हात इतके थरथरतात की बशीतला चहा सांडतो. देशीचे दोन घोट पोटात गेले की हात थांबतात. आखाजीला ताई माहेरी आली होती. तिच्याजवळ दादा स्वतःहून बोलले, "सोडायची आहे, पण मला कुठे कोंडून घालू नका."

मी नाशिकला नोकरीला. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, कुठलाही गट चालेल. अडचण अशी की सकाळी कोणी दवाखान्यात गेलं तर संध्याकाळी पारावर त्याचीच चर्चा. दादांना तीच धास्ती आहे.

काळीमाती
पंढरीची माळ घालायला सांगा. आमच्या आप्पांची माळ घातल्यावर सुटली ती सुटलीच.

फक्तआज
माळेला माझा विरोध नाही, पण सकाळच्या थरथरीवर माळ चालत नाही. मी स्वतः दारुडा, काही वर्षं कोरडा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

गटाच्या आधी डॉक्टर. रोज सकाळी लागणाऱ्या माणसाने घरच्या घरी एकदम बंद केली तर जिवावर बेततं. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. भास, घाम, असंबद्ध बडबड हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. तसं काही दिसलं तर १०८ ला फोन करायचा, उतारा काढत बसायचं नाही. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या मानसोपचार विभागात आधी दाखवा. थोडे दिवस गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन शरीर सावरतात. तोवर दारू कशी कमी करायची तेही डॉक्टरांनाच विचारा, अंदाजाने करू नका.

मग एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केलं, त्यातला एक चक्क सर्जन. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी टोपी फिरते, ऐपतीप्रमाणे टाका, नवख्याने नाही टाकलं तरी चालतं. वार आणि जागा बदलत राहतात, म्हणून इथे कोणी पत्ता दिला तरी एएच्या भारतातल्या वेबसाइटवरच्या हेल्पलाइनला फोन करूनच निघा. गावाची भीती असेल तर सरळ दुसऱ्या तालुक्याची मीटिंग धरा. आमच्यातले कितीतरी जण असेच करतात. घरी सांगतात 'बियाणं बघायला चाललो' आणि येऊन बसतात. ऑनलाइन मीटिंगही असतात, पण पहिल्यांदा माणसांत बसलेलं बरं.

चाळीसगावकर
एवढं कशाला? स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते बघा, 'न सांगता दारू सोडवा'. पुडी चहात टाकायची, झालं.

कानबाईची_लेक
भाऊ, असलं काही सुचवू नका. त्या पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणूस वरून प्यायला, तर तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, बीपी धाडकन खाली येतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पिणाऱ्याला सांगून, त्याची संमती घेऊन.

तापीकाठ, तुमच्या वहिनींसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून घरच्यांचा वेगळा गट असतो. दादा गेले नाहीत तरी त्या जाऊ शकतात. मी नवऱ्याच्या आधीपासून जाते. उधारी फेडणं आणि ड्यूटीवर 'ताप आलाय' म्हणून कळवणं मी तिथे जाऊन बंद केलं. सासूबाई तेव्हा महिनाभर बोलल्या नाहीत, पण ते वेगळं प्रकरण.

शिरपूरफाटा
केंद्रात ठेवायची वेळ आली तर डोळे उघडे ठेवा. आमच्या दाजींना एका ठिकाणी रात्री गाडीत घालून नेलं, घरच्यांना भेटू दिलं नाही, मारहाणही झाली. नाव लिहीत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनमुक्तीही येते. स्वतःच्या मर्जीने दाखल झालेल्याला स्वतःच्या मर्जीने बाहेर पडायचा हक्क असतो. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतात का, भेटायला कधी येता येईल, एवढं पैसे भरायच्या आधी विचारा. उत्तर टाळलं की परत फिरायचं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, पण खान्देशातून लांब पडतं. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे, जवळचं केंद्र तिथे विचारता येतं.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. वहिनींना अल-अ‍ॅनॉनचं सांगितलं, त्या लगेच तयार झाल्या, मलाच नवल वाटलं. दादांना सोमवारी जळगावला नेतोय. त्यांचा एकच प्रश्न आहे, मीटिंगमध्ये उभं राहून बोलावंच लागतं का?

फक्तआज
नाही. मी पहिल्या मीटिंगला नुसता चहा घेऊन मागच्या खुर्चीत बसलो होतो, कोणी बोलायला सांगितलं नाही. दादांना घाबरू नका म्हणावं. आणि सोमवारी लवकर निघा, केसपेपरची रांग सकाळीच वाढते. काय पितात, किती, शेवटची कधी घेतली, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि दादा निम्मंच सांगतील.